टाकी कुठं थांबवायची

परभणीत बागेसाठी मोठे दगड आणायचे म्हटलं की आधी चारचौघांना उत्तरं द्यावी लागतात. टाइल्स आणा, कारंजं बसवा, सिमेंटचं हरीण आणि त्याच्या शेजारी सिमेंटचाच बगळा उभा करा, कुणी काही विचारत नाही. पण ट्रॉलीतून धोंडा उतरला की गल्ली गोळा होते. "मंदिर बांधायलात का सर?" हा पहिला प्रश्न. "पाया भरायचाय का?" हा दुसरा. दोन्हीला नाही म्हटलं की तिसरा प्रश्न येत नाही, नुसतं बघणं येतं. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आम्ही छाती फुगवून म्हणतो खरं, पण त्या परभणीत बिनकामाच्या दगडाला अजून जागा झालेली नाही.

याचं कारण आमच्या रानात आहे. गोदावरी, दुधना आणि पूर्णेच्या खोऱ्यात जिल्ह्याचा मोठा भाग काळ्याभोर, खोल जमिनीचा. इथं रानाची तारीफ करायची तर "खडा सापडायचा नाही" असं म्हणतात, आणि सोयरीक जुळवताना हे एवढं वाक्य पुष्कळ काम करून जातं. नांगरट झाली की उन्हाळ्यात दगड वेचायचे, पाटीत भरायचे आणि बांधावर नेऊन टाकायचे, हे पिढ्यान् पिढ्यांचं काम. दगडाची जागा बांधावर. बांधाच्या आत राहिला तर तो कुळव अडवतो, फाळ मोडतो. अशा मुलखात एखादा पैसे मोजून धोंडे घरी आणतो, म्हणजे त्याचं काहीतरी बिनसलेलं असणार, असं लोकांना वाटलं तर त्यांचा दोष नाही.

गंमत अशी की ज्या काळीचा एवढा अभिमान, ती त्या दगडाचीच लेक. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन उलून लाव्हाचे थरावर थर दख्खनवर पसरले, निवले, त्यांचा काळा बेसाल्ट झाला. ऊन-पावसात तो बेसाल्ट झिजत, कुजत गेला आणि उरली ती ही माती. नदीकाठाहून जिंतूरच्या बाजूला निघालं की उलटा प्रवास सुरू होतो. काळी पातळ होत जाते, मुरूम दिसायला लागतो, मग उतारावर दगड उघडेच पडलेले. मातीची आई भेटायला गेल्यासारखं मला दर वेळी वाटतं.

आमचे दगड त्याच बाजूचे, गावच्या विहिरीतले. बहात्तरच्या दुष्काळानंतर वडिलांनी मळ्यात विहीर खोदायला घेतली. वरचा मुरूम पहारीनं निघाला, पुढं काळवत्री लागला तसे सुरुंग लावावे लागले. निघालेला दगड काठावर टाकला आणि तिथंच राहिला. त्यातले हाताला पेलतील तेवढे गावानं हळूहळू नेले, कुणी गोठ्याच्या तळाला, कुणी पायाला, कुणी संडासाच्या खड्ड्याला. उरले ते कुणालाच न उचलवलेले. त्यांच्यावर बोरीचं जाळं, घाणेरी, आणि साप असल्याची पक्की वदंता. मी नोकरीतून मोकळा झालो, जिंतूर रोडला घरापुढं थोडी मोकळी जागा होती, आणि डोक्यात तो ढीग येऊन बसला.

जवळ जाऊन बघितलं तर त्या ढिगात दोन जातीचे दगड होते. विहिरीच्या वरच्या थरातले गोल गोटे, कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले; बोटानं उचकटलं तरी एक साल हातात येते आणि खाली दुसरी तयार असते. असले गोटे बागेत आणण्यात अर्थ नाही, दोन पावसाळ्यांत त्यांचा चुरा होतो. खालच्या थरातले मात्र सुरुंगानं फुटलेले, कोनाकोनाचे. पन्नास वर्षांच्या उन्हापावसात त्यांच्या अंगावर तपकिरी, गंजासारखी कातडी चढलेली. कोपरा उडवला की आत निळसर काळा रंग, आणि त्यात ज्वारीच्या दाण्याएवढी पांढरी ठिकरी. लाव्हा निवताना त्यात अडकलेल्या वायूची ती भोकं. पुढं लाखो वर्षं पाणी झिरपून त्यांत पांढरी खनिजं भरली. काही भोकं रिकामीच राहिलेली. एका दगडात ती एका अंगाला दाट आणि दुसऱ्या अंगाला जवळजवळ नाहीत, असं दिसलं, तेव्हा मी बराच वेळ तिथं उकिडवा बसून होतो. वायू वर चढतो. म्हणजे भोकांचं अंग ते वरचं. सुरुंगानं उडून, उलटा-सुलटा होऊन पडलेल्या धोंड्यानंही आपलं वर-खाली जपून ठेवलं होतं.

हे सगळं मी घरी सांगितलं. बायकोनं ऐकून घेतलं. मायनं घेतलं नाही.

"आम्ही दगड फोडून पोट भरलं," ती म्हणाली, "आन् तू पोट भरल्यावर दगड आणायलास."

मायचा विरोध गल्लीच्या नजरेसारखा उडवून लावता येण्याजोगा नव्हता. 1972 च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. त्या साली मराठवाड्यात जित्राबं दावणीला मेली, विहिरींनी तळ गाठला, आणि सरकारनं जागोजाग कामं काढली: रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग, आणि दुसरं काही निघालं नाही तिथं खडी फोडणं. रेशनवर लाल मिलो मिळायची, लेकरांना सुकडी. या कामांच्या अनुभवातूनच रोजगार हमी पुढं आली आणि 1977 साली तिचा कायदा झाला, हे मी शाळेत पोरांना शिकवलं. मायला त्यातलं साल माहीत नाही. तिला माहीत आहे ती चिंध्यांची चुंबळ, जिच्यात दगड ठेवून घाव घालायचा, म्हणजे तुकडे उडत नाहीत. तरीही उडायचेच. संध्याकाळी ढीग मोजून मजुरी, मोठा तुकडा निघाला की मुकादम पायानं बाजूला सारायचा. शेजारी पळसाच्या सावलीला लुगड्याच्या तुकड्यावर मी असायचो म्हणे. मला आठवतो तो फक्त आवाज, पन्नास-साठ हातोड्यांचा, एका तालात कधीच न येणारा.

तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख त्या वर्षापासून दुभंगलेलंच वाढतं. मोठा दगड म्हणजे तिच्या लेखी अजून न केलेलं काम. तो अखंड ठेवायचा, आणि त्याच्याकडं बघत बसायचं, ही कल्पनाच तिला माजल्यासारखी वाटत होती. खरं सांगायचं तर तिचं म्हणणं मला आजही खोडता येत नाही. दगड आणले ते तिला पटवून नव्हे, तिच्या नाराजीसकट आणले.

आणायचे म्हणजे नुसते आणून टाकायचे नव्हते, त्यांना टाकी लागायला हवी होती. आमच्या जिल्ह्याला टाकीचं काम नवीन नाही. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याला जुनी देवळं, बारव, उंच कोरीव स्तंभ आहेतच, पण गावात फिरताना कुठल्याही भिंतीत, ओट्याला कोरलेला तुकडा दिसतो. गंगाखेड तालुक्यात धारासूरला गोदाकाठी गुप्तेश्वराचं मंदिर आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदरींच्या ओळी आहेत. कुणाचं नाक गेलंय, कुणाचा हात, पण कमरेचा बाक अजून तसाच. तिथं उभं राहिलं की हा एवढा कडक, एवढा दाणेदार दगड कुणीतरी पैंजणाच्या घुंगरापर्यंत नेला, यावर विश्वास बसत नाही. जिंतूरजवळ नेमगिरीच्या जैन लेण्यात पार्श्वनाथांची भारी मूर्ती एका लहानशा दगडाच्या टेकूवर उभी आहे. मी तिथं दर खेपेला देवापेक्षा त्या टेकूकडं जास्त बघतो.

अशा गावांतून फिरताना एक प्रश्न कुणीतरी विचारतंच: "एखादं जुनं शिल्प मिळतंय का बघा की बागेसाठी." मिळतं, हेच दुःख आहे. वीरगळी उकिरड्यावर पडलेल्या असतात, सतीशिळेवर धुणं धुतलेलं असतं, आणि शहरातल्या एखाद्या बंगल्याच्या लॉनवर त्यातलंच एखादं दिव्याच्या झोतात उभं दिसतं. पुराणवस्तूंचा कायदा योगायोगानं 1972 चाच आहे, त्याप्रमाणे जुनं दगडी शिल्प सरकारदरबारी नोंदवावं लागतं. पण कायदा नसता तरी मी आणलं नसतं. वीरगळ ज्या गावाच्या गाई सोडवताना मेलेल्या माणसाची असते, तिचं त्या गावच्या उकिरड्यावर असणं हेदेखील माझ्या लॉनवर असण्यापेक्षा बरं. ज्यांना बाग सजवायचीय त्यांनी नवा दगड घ्यावा, आणि आज जिवंत असलेल्या पाथरवटाच्या हाताला काम द्यावं.

घराभोवती शिल्पं घेऊन राहिलेला मराठी माणूस म्हटलं की मला अलिबागजवळचं सासवणे आठवतं. पुण्यातला 1928 सालचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा करणारे नानासाहेब करमरकर यांचं घर तिथं आहे. घरात, अंगणात त्यांची माणसं, जनावरं अशी वावरतात की आपणच पाहुणे. ती बहुतेक सिमेंटची, प्लास्टरची. करमरकरांकडून घ्यायची ती जागेची नजर: शिल्प चौथऱ्यावर चढवायचं नाही, येता-जाता खांद्याला खांदा लागेल असं ठेवायचं. चंडीगडला नेकचंद यांनी सरकारी जंगलात चोरून, 1957 च्या सुमारास दगड आणि फुटक्या बांगड्या-कपबश्या जमवायला सुरुवात केली आणि जवळजवळ दोन दशकांनी सरकारला तो पसारा सापडला, तेव्हा पाडण्याऐवजी 1976 साली लोकांसाठी उघडून दिला. मला त्या बागेपेक्षा तो चोरटेपणा आवडतो. रात्री सायकलवर दगड आणणाऱ्या त्या रोड इन्स्पेक्टरला कुणी 'मंदिर बांधायलात का' असं विचारलं नसणार, कारण कुणाला माहीतच नव्हतं.

पण माझ्या मनात खरा ठाण मांडून बसलेला माणूस म्हणजे शिल्पकार इसामू नोगुची. जपानच्या शिकोकू बेटावर मुरे नावाच्या दगडफोड्यांच्या गावात त्यानं उतारवयात काम केलं, तेही बेसाल्टवर. तो दगडाची गंजकी कातडी तशीच ठेवायचा. एखादीच बाजू कापायचा, घासायचा, आरशासारखी काळी करायचा, आणि थांबायचा. मी त्याच्या कामाचे फोटो पाहिले आणि विहिरीवरचा ढीग आठवला. तोच रंग, तीच कातडी.

पाथरवट मामांना मी ते फोटो दाखवले. मामा जाती, पाटे, उखळं करतात, देवळांच्या पायऱ्या, नंदी, अधूनमधून कासव. त्यांनी फोटो उलटसुलट बघितला आणि विचारलं, "ह्यो अर्ध्यावर कामून सोडला? पैशे मिळाले नाईत का?"

हसू आलं तरी प्रश्न खोल होता. ज्याची मजुरी केलेल्या कामावर ठरते, त्याला न केलेल्या कामाचं मोल कसं सांगायचं? मी सांगायचा प्रयत्न केला. मामा म्हणाले, "म्हंजे तुम्हाला कुठं थांबायचं त्याची मजुरी द्यायची हाय." यापेक्षा नेमकं मला आजवर कुणी बोललेलं नाही.

ते मळ्यात आले. ढिगाभोवती फिरले, मग हातोड्याच्या पाठीनं एकेका धोंड्यावर टकटक करत गेले. चांगला दगड खणखण वाजतो, आतून चीर गेलेला बद्द वाजतो. बद्द वाजले ते तिथंच सोडले. उरलेल्यांतून तीन निघाले: एक माझ्या छातीएवढा उभट, एक बैठा, रुंद, आणि एक असा विचित्र, तीन कोनांचा, की तो कुठल्या अंगावर बसवायचा हेच ठरेना. भरीव काळ्या दगडाचा एक घनफूट म्हणजे 80 किलोच्या आसपास, त्यामुळं बैठा धोंडा दोन-अडीच टनांच्या घरात गेला. जपानात अकराव्या शतकात लिहिलेला 'साकुतेइकी' नावाचा बागांचा ग्रंथ आहे; मुळात उभा असलेला दगड आडवा घातला किंवा आडवा असलेला उभा केला तर तो घराला बाधतो, असं त्यात सांगितलंय. मामांनी तो ऐकलेलाही नाही. पण भोकांचं अंग वर ठेवू या, असं मी म्हणालो तेव्हा ते लगेच म्हणाले, "मंग काय तर. पोट वर करून कुणाला बसवता का?"

दगड न्यायच्या परवानगीचा तहसीलचा कागद झाला, मग जेसीबी आली. जेसीबीचा एक तोटा कुणी सांगत नाही: तिच्या बकेटचे दात दगडाला ओरबाडतात, आणि पन्नास वर्षांत चढलेली कातडी एका सेकंदात पांढऱ्या रेघांनी उकलते. ते ओरखडे आपल्या हयातीत भरून येत नाहीत. म्हणून जेसीबीनं फक्त बोरी आणि भोवतालची माती काढली, दगड उचलले ते हायड्रा क्रेननं, बेल्टखाली पोती घालून. ऑपरेटरनं आधी नारळ फोडला. देवासाठी नव्हे, म्हणाला, बेल्टसाठी.

घरी खड्डे आधीच तयार होते, आणि आमच्या भागात हे खड्डे हेच मुख्य काम आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते; मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भिंतींना तडे जातात ते यामुळंच, म्हणून शहाणे लोक घराला अंडर-रीम्ड पाइल घालतात. नुसत्या मातीवर ठेवलेला अडीच टनांचा धोंडा दर वर्षी थोडा कलतो, थोडा रुततो, आणि कुठल्या बाजूला ते त्याचं त्यालाच ठाऊक. तेव्हा मुरूम लागेपर्यंत काळी काढायची, मग बाहेरचा मुरूम थराथरानं भरायचा, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मसानं चोपायचा, वर दगडांचं सोलिंग, आणि त्यावर धोंडा. धोंड्याचा तिसरा हिस्सा जमिनीखाली गेला पाहिजे. वर ठेवलेला दगड आणलेला दिसतो. पुरलेला दगड आधीपासून होता आणि घरच नंतर आलं, असं दिसतं. हा खर्च डोळ्यांना दिसत नाही, म्हणून लोक नेमका तोच वाचवतात.

मग टाकी. उभट दगडाची एक बाजू सुरुंगानं सपाट फुटलेली होती. मामांनी तेवढीच घ्यायची ठरवली. ग्राइंडरनं पाणी मारत मारत (कोरडं कापलं की ती धूळ मामांच्या छातीत जाते, आणि तिथं आधीच बरीच साठलेली आहे) समपातळी केली, मग वेगवेगळ्या नंबरच्या पॉलिश दगडांनी घासत नेलं. राखाडी, मग शिसवी, मग काळं. शेवटी त्यात समोरचा कडुनिंब दिसायला लागला. बाकी तिन्ही अंगं जशी होती तशी, तपकिरी, खडबडीत. कडेला, जिथं कातडी संपते आणि आरसा सुरू होतो तिथं, मामांनी बोटभर पट्टी नुसत्या टाकीच्या टोचांची ठेवली. ती मी सांगितली नव्हती. विचारलं तर म्हणाले, "एकदम कसं काय संपवावं?"

बैठ्या दगडाच्या वेळी माय बाहेर येऊन पायरीवर बसली. मामांनी त्याच्या मधोमध आडवी खाच घ्यायची खडूनं आखली होती, पावसाचं पाणी वाहून एका टोकाला पडेल अशी. मायनं रेघ बघितली आणि तिथूनच म्हणाली, "तिथं घाव घालू नको बाबा. दोन होतील त्याचे."

मामा थांबले. खाली वाकून त्यांनी कान लावला, हातोडीच्या टोकानं रेघेवरून टकटक करत गेले. मधल्या वीतभर भागात आवाज बदलला. बाहेरून काही दिसत नव्हतं, तडा ना केसाएवढी रेघ. मायला पायरीवरून काय दिसलं असेल? मी विचारलं तर तिला सांगता येईना. "तसला दगड तसाच फुटतोय," एवढंच. हजारो दगड जिनं फोडलेत, तिला प्रत्येक दगडात तो कुठं फुटेल ते आधी दिसतं. आम्हाला आकार दिसतो, तिला तुकडे. मामांनी खडूची रेघ पायानं पुसली. "माय, तुमीच सांगा मंग कुठून घेऊ," म्हणाले. तिनं काठीनं दाखवलं, कडेनं, तिरकी. खाच तिथून गेली आहे. कुठल्याही चित्रकारानं काढली नसती अशी वाकडी गेली आहे, आणि पाणी तिच्यातून बरोबर वाहतं.

दगड बागेत आले की बाग बदलते, आणि सगळीच चांगली बदलत नाही. आमच्याकडं मे महिन्यात पारा 44 च्या पुढं जातो. दिवसभर तापलेला धोंडा रात्री उशिरापर्यंत ती धग सोडत राहतो. त्याच्या पश्चिमेला लावलेलं नाजूक रोप करपणारच. तिथं कोरफड, निवडुंग, फार तर तरवड. पूर्वेला आणि उत्तरेला मात्र बुडाशी ओल टिकते, अबोली तिथं उन्हाळाभर तग धरते, गवती चहा माजतो. सुरळ्या आल्या, सरडे आले. "विंचू-किरडाला घर करून दिलंस," असं माय रोज म्हणते, आणि तिचं खरं आहे. म्हणून दगडाच्या बुडाला फट ठेवली नाही, सांधे मातीनं चेपून घेतले. पहिल्या वळवाच्या सरीत तपकिरी कातडी काळी पडली तेव्हा आरशाची बाजू आणि बाकीचा दगड यांतला फरकच मिटला. पाऊस थांबल्यावर तो पुन्हा हळूहळू वरून खाली उमटत गेला. मी छत्री घेऊन उभा, आणि गल्लीतली पोरं मला बघत उभी.

शेंदूर लागला नाही, असं नाही. एका सकाळी उभट दगडाच्या खडबडीत अंगाला तळाशी बोटभर शेंदूर आणि दोन झेंडूची फुलं. कुणी लावला हे मी विचारलं नाही, पुसलाही नाही. आरशाच्या बाजूला लावला नव्हता, एवढं तारतम्य त्या माणसाकडंही होतं. पावसानं तो अर्धा धुऊन नेला, उरलेला दगडाच्या भोकांत बसलाय.

तिसरा, तीन कोनांचा, अजून तसाच पडून आहे. त्यात पाखरांसाठी पाण्याची कुंडी करायची असं मामा म्हणतात. मी म्हणतो त्याला हातच लावू नये. दिवाळीपर्यंत त्यांच्याकडं एका देवळाच्या पायऱ्यांचं काम आहे, ते उरकून येतो म्हणालेत, आणि कोळसा घेऊन माय त्या दगडावर परवाच एक फुली मारून आली आहे. ही कापायची जागा की न कापायची, ते ती मामांनाच सांगणार आहे म्हणे.